उभ्या गाडीचे इंजिन का तापते?

(वसई परिसरातील भाजीपाला, केळी व फूल उत्पादक शेतकऱ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मी कृषिविद्या शिकवणारा माणूस. खते, पाणी, तणे हे माझे विषय. त्यामुळे आज मी गाडीच्या इंजिनावर बोलणार हे कळल्यावर तुमच्यापैकी काहींना नवल वाटले असेल. परंतु माल शेतात पिकवून भागत नाही, तो वेळेवर बाजारात पोहोचावा लागतो. तुमचा मोगरा, सोनचाफा, केळीची पाने, पालेभाजी हा सगळा नाशवंत माल. रात्री वसई फाट्यावरून महामार्गाला लागलेला टेम्पो पहाटे दादरला पोहोचला तर फुलाला भाव मिळतो. तोच टेम्पो ऊन वर आल्यावर पोहोचला तर वर्षभराच्या मेहनतीचा मोगरा मिळेल त्या किमतीला द्यावा लागतो. म्हणून गाडीचे आरोग्य हाही शेतीचाच विषय आहे असे मी समजतो.

आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या गाड्या जुन्या आहेत. कुणाकडे दुसऱ्या-तिसऱ्या हातातून आलेला टेम्पो आहे, कुणाकडे जीप, कुणाकडे पिकअप. या जुन्या गाड्यांची एक तक्रार मी वारंवार ऐकतो: "गाडी पळताना ठीक असते, पण कोंडीत उभी राहिली की काटा वर चढतो." आज मी एवढ्या एकाच तक्रारीबद्दल बोलणार आहे.

एक घरचा अनुभव

माझ्या काकांकडे जुना डिझेल टेम्पो होता. वर्सोव्याच्या जुन्या खाडीपुलाची दुरुस्ती २०१६-१७ मध्ये चालू होती, तेव्हाच्या रांगा तुम्हाला आठवत असतील. अशाच एका रात्री मोगऱ्याच्या करंड्या घेऊन काका रांगेत अडकले. इंजिन उकळले. घाईघाईत त्यांनी फडके धरून रेडिएटरचे झाकण उघडले आणि उकळत्या पाण्याची वाफ थेट हातावर आली. कोपरापर्यंत हात भाजला. माल सकाळी नऊनंतर बाजारात पोहोचला आणि त्या दिवशी डिझेलचे पैसेही सुटले नाहीत.

पुढे मेकॅनिकने हेड गॅस्केट गेले असे निदान केले. हेड उतरवले, गॅस्केट बदलले, टेम्पो चार दिवस गॅरेजमध्ये राहिला आणि हजारो रुपये खर्च झाले. आठवडाभराने त्याच पुलाच्या रांगेत टेम्पो पुन्हा तापला.

काका माझ्याकडे आले ते केळीच्या खताविषयी विचारायला. बोलता बोलता हा विषय निघाला. मी सहज विचारले, "काका, धावताना तापतो का?" ते म्हणाले, "छे! एकदा वाट मोकळी झाली की पाच मिनिटांत काटा खाली." तेव्हा आम्ही दोघांनी बॉनेट उघडून पाहिले. पंखा होता, पण पंख्याभोवतीचे गोल कडे जागेवर नव्हते. त्याला गॅरेजमध्ये फॅन काऊल म्हणतात. काही महिन्यांपूर्वी पट्टा बदलताना ते काढले गेले होते आणि गोठ्याच्या मागे पेंढ्याखाली पडून होते. आम्ही ते चार बोल्टने परत बसवले, पट्टा ताणून घेतला. त्यानंतर तो टेम्पो रांगेत तापला नाही. हाताचा डाग मात्र आजही आहे.

आधी लक्षण वाचा

पीक पिवळे पडले की आपण काय पाहतो? पिवळेपणा कुठून सुरू झाला ते पाहतो. खालची जुनी पाने आधी पिवळी झाली तर नत्राची कमतरता असावी, कारण नत्र झाडात जुन्या पानांतून नव्या पानांकडे सरकते. शेंड्याची नवी पाने पिवळी आणि शिरा हिरव्या असतील तर लोहाची कमतरता असावी. दोन्हीकडे पान पिवळेच, पण उपाय वेगळा. हे न पाहता युरिया टाकला तर पैसा जातो आणि पीक पिवळेच राहते.

इंजिनाचेही तसेच आहे. "तापते" एवढ्यावर निदान होत नाही. केव्हा तापते ते पाहावे लागते.

१. उभी असताना तापते, धावू लागली की थंड होते: दोष बहुधा हवेच्या बाजूला आहे. पंखा, पट्टा, फॅन काऊल आणि रेडिएटरची बाहेरची जाळी आधी पाहा.

२. चढावर, भार असताना किंवा वेगात तापते, उभी असताना ठीक असते: दोष बहुधा पाण्याच्या बाजूला आहे. रेडिएटरच्या नळ्या आतून बुजलेल्या असतात किंवा थर्मोस्टॅट पूर्ण उघडत नाही. घोडबंदर रस्त्यावर गायमुखच्या चढाला ही गाडी ओळखू येते.

३. केव्हाही तापते, पाणी सारखे कमी होते, रेडिएटरमध्ये बुडबुडे येतात: गळती किंवा हेड गॅस्केटचा संशय घ्यावा.

४. काटा वर, पण वाफ नाही, वास नाही, पाणी पुरेसे: काटा किंवा त्याचा सेन्सर खोटे बोलत असू शकतो.

याच्या उलट एक धोका लक्षात ठेवा. पाणी सगळे निघून गेले की सेन्सर कोरडा पडतो आणि इंजिन भाजत असतानाही काटा खाली दिसू शकतो. म्हणून काट्याइतकाच पाण्याच्या पातळीवर विश्वास ठेवावा.

उभ्या गाडीला वारा कोण घालतो?

जळालेल्या इंधनाच्या उष्णतेचा ढोबळमानाने एक तृतीयांश भाग चाक फिरवायला लागतो, एक तृतीयांश धुरावाटे जातो आणि उरलेला बराचसा भाग पाण्याला वाहून न्यावा लागतो. हे गरम पाणी रेडिएटरच्या बारीक नळ्यांतून फिरते आणि बाहेरून जाणारी हवा त्याची उष्णता घेऊन जाते.

गाडी ताशी ४० किलोमीटर वेगाने धावत असताना समोरून सेकंदाला सुमारे ११ मीटर वेगाने वारा येतो. पंखा कमजोर असला तरी तो दोष झाकला जातो. गाडी थांबली की हा वारा बंद होतो आणि सगळा भार एकट्या पंख्यावर पडतो. जुन्या गाड्यांत पंखा आणि वॉटर पंप एकाच पट्ट्यावर फिरतात. आयडलिंगला इंजिन सावकाश फिरते, म्हणून वारा कमी आणि पाण्याचे फिरणेही कमी.

डिझेल इंजिन नुसते उभे असताना फार थोडे इंधन जाळते आणि फारशी उष्णता निर्माण करत नाही. चांगल्या स्थितीतील डिझेल गाडी कोंडीत अर्धा तास उभी राहिली तरी काटा हलू नये. तुमची डिझेल गाडी उभ्या जागी तापत असेल तर "जुनी आहे, चालायचेच" असे म्हणून सोडू नका. पेट्रोल किंवा सीएनजीची गाडी आयडलिंगला तुलनेने अधिक तापते. तिच्यात बहुधा विजेचा पंखा असतो, त्याची तपासणी पुढे सांगतो.

आता फॅन काऊलचे काम पाहू. पंखा उघडा असला तर त्याने मागे फेकलेली गरम हवा पात्यांच्या टोकांवरून वळून पुन्हा पुढे येते. पंखा तीच हवा घुसळत राहतो. काऊल असले की पंख्याला हवा रेडिएटरच्या संपूर्ण जाळीतूनच ओढावी लागते. ते बिनकामाचे पत्र्याचे किंवा प्लास्टिकचे कडे समजून फेकू नये.

घरच्या घरी तपासणी

ही तपासणी सकाळी, इंजिन पूर्ण थंड असताना करावी. किल्ली खिशात ठेवावी.

१. पाण्याची पातळी आणि रंग पाहा. गंजासारखे तांबडे पाणी असेल तर आत गंज आहे. पाण्यावर तेलाचा तवंग असेल किंवा डिपस्टिकवरचे ऑइल दुधाळ दिसत असेल तर गाडी चालू न करता मेकॅनिकला बोलवा.

२. दोन पुलींच्या मधोमध पट्टा अंगठ्याने दाबा. तो साधारण १० ते १२ मिलिमीटर दबावा. गाडीच्या पुस्तिकेत वेगळा आकडा असल्यास तो धरावा. पट्टा आतून चकचकीत झाला असेल तर तो घसरतो. भेगा पडल्या असतील तर बदला. जुना, पण चांगला पट्टा गाडीत राखीव ठेवा.

३. फॅन काऊल जागेवर आहे का, फुटले आहे का पाहा. पात्यांपैकी एखादे तुटले आहे का पाहा. दुरुस्तीनंतर पंखा उलटा बसवला गेल्याचीही उदाहरणे आहेत. त्या वेळी पंखा फिरताना दिसतो, पण वारा पुरेसा ओढत नाही.

४. पंख्याच्या मधोमध गोल डब्यासारखा व्हिस्कस कपलिंग असेल, तर थंड व बंद इंजिनावर पंखा हाताने फिरवा. थोडा विरोध जाणवला पाहिजे. गरम झालेले इंजिन बंद करून फिरवले तर तो अधिक घट्ट लागला पाहिजे. मोकळा सुटून गरगर फिरत राहिला किंवा कपलिंगभोवती तेलकट मळ दिसला तर कपलिंग निकामी झाले आहे.

५. विजेचा पंखा असेल तर प्रथम फ्यूज आणि रिले तपासा. मग पंख्याला बॅटरीवरून थेट जोडणी देऊन पाहा. थेट जोडणीवर फिरत असेल आणि एरवी फिरत नसेल, तर मोटार चांगली आहे व दोष रिले, वायर किंवा थर्मो स्विचमध्ये आहे. हा पंखा इंजिन बंद असतानाही अचानक सुरू होऊ शकतो. म्हणून जवळ हात घालण्यापूर्वी बॅटरीची वायर काढावी.

६. रेडिएटरची जाळी समोरून आणि मागून पाहा. भाताचा भुसा, पेंढ्याची काडी, किडे आणि रस्त्याची धूळ तिच्यात घट्ट बसते. आपल्याकडे खाऱ्या हवेचाही त्रास आहे. समुद्राकाठच्या गावांत जाळीच्या पातळ पट्ट्या गंजून बोट लावताच भुकटी होतात. पट्ट्या गेल्या की रेडिएटर गळत नसला तरी थंड करत नाही. तो बदलावाच लागतो.

जाळी धुताना पाणी इंजिनाच्या बाजूने समोरच्या दिशेला मारावे, म्हणजे कचरा आला त्या वाटेने बाहेर पडतो. पाण्याचा दाब साध्या नळाइतका असावा. तुमच्याकडे फवारणीचा एचटीपी पंप असतो आणि तो लावण्याचा मोह होतो. तो लावू नका, त्याने पट्ट्या आडव्या होतात आणि हवेची वाट कायमची बंद होते.

७. रेडिएटरसमोर काय काय लावले आहे ते पाहा. जादा दिवे, मोठा हॉर्न, नावाचा फलक, किडे अडवायला बांधलेली मच्छरदाणीची जाळी, या प्रत्येकाने थोडा वारा अडतो.

शेवटी एक सोपी परीक्षा. इंजिन गरम करून आयडलिंगवर ठेवा आणि वर्तमानपत्राचे एक पान समोरून रेडिएटरच्या जाळीजवळ न्या. पान ओढले जाऊन जाळीला चिकटले पाहिजे. ते खाली पडले तर पंख्याचा वारा पुरेसा नाही. व्हिस्कस किंवा विजेचा पंखा असेल तर तो पूर्ण जोर धरेपर्यंत थांबून मगच ही परीक्षा घ्यावी. उपरणे, पदर, सैल बाही पंख्यापासून दूर ठेवावी.

डिझेल वाचवण्यासाठी काहीजण आयडलिंग फारच कमी करून घेतात. त्यामुळे पंखा आणि पाण्याचा पंप दोन्ही मंदावतात. ते पुस्तिकेत दिलेल्या फेऱ्यांवर परत आणावे.

विहिरीचे पाणी रेडिएटरला नको

हवेची बाजू ठीक करूनही काटा चढत असेल तर पाण्याच्या बाजूकडे वळावे. पाणी हा माझा विषय, म्हणून इथे थोडे सविस्तर सांगतो. उपसा वाढला तशा आपल्या पश्चिम पट्ट्यातील अनेक विहिरी मचूळ झाल्या, हे तुम्ही माझ्यापेक्षा चांगले जाणता. ओलितासाठी ०.२५ ते ०.७५ डेसिसायमन प्रति मीटर विद्युत वाहकतेचे पाणी आपण मध्यम क्षारतेचे मानतो. निचरा चांगला असेल तर ते बहुतेक पिकांना चालते. इंजिनाला तेही चालत नाही. जमिनीतले क्षार पावसाळ्यात धुऊन जातात, पण रेडिएटरला पावसाळा नसतो. पाण्याची वाफ होते, क्षार आतच राहतात, आपण पुन्हा तेच पाणी ओततो आणि थर वाढत जातो. खारेपणामुळे वॉटर पंपाची आतली पातीही झिजतात. अशा झिजलेल्या पंपाचा दोष आयडलिंगलाच आधी उघडा पडतो. बावखलाचे पाणी गोडे असले तरी त्यात गाळ असतो.

म्हणून डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट पुस्तिकेतील प्रमाणात मिसळून भरावे. आपल्याकडे पाणी गोठत नाही, मग कूलंट कशाला, असे विचारले जाते. कूलंट गंज रोखतो आणि उकळबिंदू थोडा वाढवतो, म्हणून तो हवा. तो चवीला गोड पण विषारी असतो. सांडलेला कूलंट जनावरांच्या आणि मुलांच्या वाटेत राहू देऊ नये.

रेडिएटरचे झाकण कुकरच्या शिटीसारखे काम करते. दर चौरस सेंटीमीटरला सुमारे १ किलो दाब राखणारे झाकण असेल तर आतले पाणी १०० ऐवजी सुमारे १२० अंशांना उकळते. झाकणाचे रबर वाळले की दाब राहत नाही आणि पाणी लवकर उकळते. झाकण बदलताना त्यावर छापलेला दाबाचा आकडा जुळवून घ्यावा.

आतला थर शोधण्यासाठी गरम झालेले इंजिन बंद करून, पंखा थांबल्यावर, रेडिएटरच्या जाळीवरून जपून हात फिरवा. मध्येच गार पट्टे लागले तर तेथील नळ्या बुजल्या आहेत. तांब्या-पितळेचा जुना रेडिएटर कारागीर उघडून नळ्या सळईने साफ करून देतो. ॲल्युमिनियमच्या रेडिएटरला तसे करता येत नाही. त्यात कॉस्टिक सोडाही कधी घालू नये.

थर्मोस्टॅट काढून टाकू नका

गाडी तापली की थर्मोस्टॅट काढून फेकण्याची पद्धत सर्रास आहे. हा झडपेसारखा भाग बहुधा ८० ते ९० अंशांच्या दरम्यान उघडू लागतो. तो बिघडला असेल तर बदलावा. तो काढला की इंजिन थंडच चालते, डिझेल जास्त जाते आणि झीज वाढते. काही इंजिनांत तर तो काढल्याने गरम पाण्याचा काही भाग रेडिएटरला वळसा घालून परत इंजिनात जातो आणि ताप उलट वाढतो. तपासायचा असेल तर भांड्यात पाणी उकळून त्यात सोडावा. उघडताना डोळ्यांनी दिसतो.

कोंडीत सापडलात तर

वर्सोव्याला २०२३ मध्ये नवा पूल झाला, तरी काशिमिरा आणि दहिसरच्या बाजूला रांगा लागतातच. काटा चढू लागला आणि वाफ दिसत नसेल तर गाडी न्यूट्रलमध्ये घेऊन थोडी रेस द्या आणि दोन मिनिटे तशीच ठेवा. पंखा आणि पंप वेगाने फिरून काटा उतरू लागेल. तो उतरला तर दोष हवेचा किंवा पंपाचा, हे निदानही तिथेच झाले. पुढच्या गाडीला खेटून उभे राहू नका, तिचा गरम धूर तुमच्या रेडिएटरवर येतो. दोन मिनिटांत फरक पडला नाही किंवा वाफ दिसली तर गाडी कडेला घेऊन इंजिन ताबडतोब बंद करा.

त्यानंतर किमान अर्धा तास झाकणाला हात लावू नका. पाणी दाबाखाली असते. झाकण सैल होताच ते एकदम वाफ होऊन उसळते. फडके धरले तरी हात वाचत नाही, हे काकांच्या हातावर लिहिलेले आहे. गरम इंजिनावर किंवा आत एकदम गार पाणी ओतू नका, हेडला तडा जातो. रेडिएटर हाताला कोमट लागल्यावर जाड फडके धरून झाकण पहिल्या खाचेपर्यंत फिरवा, दाब जाऊ द्या आणि मगच ते काढा.

मेकॅनिककडे काय सांगावे

वरील सर्व पाहूनही ताप राहिला, बुडबुडे येत असतील, धूर पांढरा असेल किंवा पाणी दिसेनासे होत असेल, तर मेकॅनिककडे जावेच. तेव्हा "गाडी तापते" एवढेच सांगू नका. केव्हा तापते, किती वेळाने, रेस दिल्यावर काटा उतरतो का, पाणी किती कमी होते, हे वहीत लिहून न्या. मातीचा नमुना आणताना तुम्ही गट क्रमांक आणि मागचे पीक लिहून आणता, त्यातलाच हा प्रकार. हेड उतरवण्याआधी पंखा, पट्टा आणि काऊल पाहिले का, हे स्पष्ट विचारा. चांगला मेकॅनिक या प्रश्नाने रागावत नाही. गाडी परत घेताना ती वीस मिनिटे आयडलिंगवर उभी करून काटा पाहूनच घरी आणा.

हे सगळे ट्रॅक्टरलाही लागू आहे. मळणीच्या वेळी ट्रॅक्टर एका जागी उभा राहून काम करतो आणि समोर भुसा उडत असतो. त्या दिवसांत त्याची जाळी रोज संध्याकाळी साफ करावी.

उद्या सकाळी गाडी सुरू करण्यापूर्वी बॉनेट उघडा, पट्ट्यावर अंगठा दाबून पाहा आणि पंख्याभोवतीचे कडे जागेवर आहे का तेवढे बघा. नसेल तर गोठ्यामागे शोधा. एवढे सांगून मी आपली रजा घेतो.